पायरी वर आली

स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला भूमापन हा विषय लागतो, आणि तो जोपर्यंत फळ्यावर असतो तोपर्यंत अत्यंत सज्जन वाटतो. डंपी लेव्हल नावाची दुर्बीण तिपाईवर बसवावी, समोर कोणीतरी चार मीटर उंचीची, आकडे रंगवलेली पट्टी म्हणजे स्टाफ धरावा, आणि दुर्बिणीतल्या आडव्या रेषेवर दिसेल तो आकडा वहीत उतरवावा, एवढेच काय ते काम. आमच्या पाच जणांच्या बॅचला मुख्य इमारतीच्या पायरीची उंची 100.000 मीटर गृहीत धरून, मैदानाभोवती सुमारे 400 मीटरचा फेरा मारून, पुन्हा त्याच पायरीवर यायचे होते. जिथून निघालो तिथेच परतायचे असल्यामुळे उत्तर आधीच ठाऊक आहे, असा आमचा समज झाला.

पहिला तास यंत्र सपाट बसले की नाही हे दाखवणाऱ्या, नळीतल्या बुडबुड्याने खाल्ला. तो मध्यावर आणण्यासाठी यंत्राचे दोन स्क्रू एकाच वेळी आत किंवा एकाच वेळी बाहेर फिरवायचे आणि डाव्या अंगठ्याच्या दिशेने बुडबुडा सरकतो हे लक्षात ठेवायचे, असा साधा नियम आहे. परंतु पाच जणांनी पाच डावे अंगठे पुढे केले की बुडबुडा कोणाचे ऐकणार? तो मध्यावर आल्याचे पाहून आम्ही जल्लोष केला, तेव्हा एकाचा पाय तिपाईला लागला. पुढचा अर्धा तास त्याच्याशी कोणी बोलले नाही.

आमचे यंत्र जुन्या पद्धतीचे असल्यामुळे त्यात सारे जग उलटे दिसे. स्टाफ धरणारा मित्र शीर्षासनात उभा असे आणि आकडे वरून खाली वाढत जात. त्यातच स्टाफ ओळंब्यात नसेल तर आकडा खोटा येतो, म्हणून तो हळूहळू पुढेमागे झुलवायचा आणि सर्वांत लहान वाचन घ्यायचे असते. आमचा मित्र तो इतक्या उत्साहाने झुलवीत होता की रस्त्याने जाणारे थांबून पाहू लागले.

पाहणारे केवळ पाहत नाहीत, हेही त्या दिवशी कळले. तिपाई दिसली की आपल्याकडे लोकांना एकच प्रश्न पडतो: रस्ता रुंद होणार का, आणि कोणाचे घर जाणार? एका आजोबांनी तर सरळ, “साहेब, आमच्या बांधाची मोजणी करून द्या, भावकीने दीड गुंठा दाबलाय,” अशी विनंती केली. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि तितकाच रुंद चौरस, आणि असे चाळीस गुंठे मिळून एकर, हे त्यांना आमच्यापेक्षा पक्के ठाऊक होते. आमच्या यंत्राने उंची मोजतात, हद्द नव्हे, हे मी समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारले, “मग उंचीवरून कोण भांडतं?” याचे उत्तर अभ्यासक्रमात नव्हते.

यंत्र पुढे नेताना स्टाफ मात्र आहे त्याच बिंदूवर राहावा लागतो, कारण मागच्या आणि पुढच्या वाचनांना जोडणारा तेवढाच एक धागा असतो. अशा एका बिंदूसाठी आम्ही टपरीजवळ पडलेली वीट निवडली, तिच्यावर स्टाफ ठेवून वाचन घेतले आणि यंत्र उचलून पुढे गेलो. तिथे बुडबुड्याशी आमची दुसरी लढाई वीस मिनिटे चालली. तेवढ्यात मित्र चहा पिऊन आला.

संध्याकाळी हिशोब मांडला. बॅकसाइटच्या, म्हणजे मागच्या बिंदूवर घेतलेल्या वाचनांच्या, बेरजेतून फोरसाइटची, म्हणजे पुढच्या बिंदूवर घेतलेल्या वाचनांची, बेरीज वजा केली तर 0.080 आले, आणि शेवटच्या उंचीतून पहिली वजा केली तरी 0.080 आले. ताळा असा चोख जमला की आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या. तोच ताळा असेही सांगत होता की दगडी पायरी एका दुपारी 80 मिलिमीटर वर आली आहे, हे मात्र सरांनी वही पाहिल्यावर ध्यानात आले. इतक्या अंतराला साधारण 15 मिलिमीटर चूक खपते, असे ते म्हणाले. मग त्यांनी एव्हरेस्टची कथा सांगितली. 1850 च्या दशकात दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या मैदानातून घेतलेल्या कोनांवरून, राधानाथ सिकदर यांच्यासारख्या गणित्यांच्या आकडेमोडीतून, त्या शिखराची उंची 29,002 फूट ठरली, आणि आजच्या 8,848.86 मीटरशी ताडून पाहिली तर फरक अवघा नऊ मीटरांचा. आम्ही माना खाली घातल्या.

“स्टाफ जागचा हलवलात का?” सरांनी विचारले.

“नाही सर,” मित्र छातीठोकपणे म्हणाला. “चहा पिऊन आलो तेव्हा वीट कोणीतरी नेली होती, पण जागा तीच होती. तिथेच जमिनीवर ठेवला.”

सर आम्हाला घेऊन टपरीवर गेले. वीट बाकड्याच्या आखूड पायाखाली होती. सरांनी पट्टी लावली, तर जाडी बरोबर 75 मिलिमीटर भरली. म्हणजे आमची स्वतःची चूक अवघी 5 मिलिमीटर होती आणि साऱ्या वर्गात ती सर्वांत कमी होती. तरीही फेरा पुन्हा मारण्याची शिक्षा काही टळली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बिंदूसाठी वीट मागायला गेलो, तेव्हा टपरीवाल्याने साफ नकार दिला. त्याचे बाकडे कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच लेव्हलमध्ये आले होते.