आमच्या घरचा आबालाल

आजोबा कोल्हापुरात हायस्कूलला ड्रॉइंग मास्तर होते. त्यांच्यामागं राहिलं ते एक घर, एक दमेकरी सायकल आणि एक्केचाळीस चित्रं. काही भिंतीवर, बाकीची ट्रंकेत. बाबा गेल्यावर घराची वाटणी वकिलांनी केली, सायकल कुणीतरी न विचारता नेली. चित्रं राहिली, कारण ती कुणालाच नको होती.

मग २०२१ मध्ये पेपरात आलं की वासुदेव गायतोंडे यांचं १९६१ सालचं एक चित्र लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेलं. पुण्याहून दादाचा फोन. "त्यात काय काढलंय तेसुद्धा कळत नाही रे. आपल्यात तर नदी आहे, बैल आहेत, लक्ष्मी आहे!" संध्याकाळपर्यंत बेळगावहून ताईचाही आला. जाणकार गाठून भाव काढायचा, यावर दोघांचं एकमत झालं. गाठायचा मी, कारण ट्रंक माझ्या माळ्यावर.

कोल्हापुरात जाणकारांना तोटा नाही. इथं पेठेपेठेत तालीम आणि प्रत्येक दुसऱ्या घरात एक आबालाल. आबालाल रहिमान आमच्याकडचे थोर चित्रकार. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा दुःखानं त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली, असं सांगतात. जी बुडाली नाहीत ती सगळी आमच्याच पेठेत आली असावीत. आमचा आबालाल म्हणजे पंचगंगेचा घाट, सही नसलेला. "खरा मोठा माणूस सही करत नाही," असं बाबा पाहुण्यांना सांगायचे आणि मिशीत हसायचे.

पहिला जाणकार फ्रेमवाला. त्यानं टेप काढली, लांबी-रुंदी घेतली, चौरस फुटाचा दर लावला आणि घाटापेक्षा शाळेचा नकाशा महाग निघाला.

दुसरा जुन्या वस्तूंचा व्यापारी. प्रत्येक चित्र बघून 'च्च' करायचा. "ह्यात काय राह्यलं न्हाई बघा. सगळी मिळून आठ हजार देतो. पोरगं टेम्पो घिऊन खालीच हुबं हाय." तोंडानं च्च, पण हात लक्ष्मीवरून निघत नव्हता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत एवढं मला कळतं, म्हणून चहा पाजून टेम्पो परत पाठवला.

दादाचं मत पडलं, सरकारी शिक्क्याचा माणूस बघ. हे प्रकरण भारी आहे. संपत्ती कर २०१५च्या बजेटात गेला, पण त्या कायद्याखाली नोंदवलेले व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवून देणारे, मागं राहिले. त्यांच्यात जमिनीचे वेगळे, दागिन्यांचे वेगळे, कलावस्तूंचेही वेगळे. मी नुसता शिक्का बघितला, शाखा बघितली नाही. आलेले गृहस्थ यंत्रसामग्रीचे निघाले. त्यांच्या फॉर्मात खरेदीचं वर्ष, उरलेलं आयुष्य आणि भंगार किंमत असे रकाने होते. बैलांच्या चित्रापुढं थांबून त्यांनी विचारलं, "हे चालू स्थितीत आहे ना?"

चौथ्याला फी म्हणून किमतीचे दोन टक्के हवे होते. भाव जेवढा वर, तेवढी त्याची फी वर. दादाला हा माणूस फार आवडला.

शेवटी मुंबईच्या एका बाई मिळाल्या. त्यांनी फोनवर पहिलंच विचारलं, "किंमत कशासाठी हवी?"

"म्हणजे?"

"विमा, वाटणी की विक्री? तिन्हीच्या किमती वेगळ्या निघतात. विकणार असाल तर नफ्यावरच्या करासाठी १ एप्रिल २००१ची किंमतही लागेल."

आता आम्ही वाटणी म्हणावं, तर चित्र घेणाऱ्याला ते स्वस्त हवं आणि सोडणाऱ्याला महाग. या एका प्रश्नावर आम्हा भावंडांत तीन रविवार भांडण चाललं. तोवर बाई थांबल्या. दिवसाची ठरलेली फी, जाण्यायेण्याचं भाडं, आणि 'यातलं काहीही मी विकत घेणार नाही' असं लेखी. आल्या त्या दिवशी ट्रंकेच्या तळची पोथी बघून म्हणाल्या, "हे माझं क्षेत्र नाही, दुसऱ्या कुणाला दाखवा." तीन महिन्यांत 'मला कळत नाही' म्हणणारं हे पहिलंच माणूस. "मग पैसे कशाचे?" दादा फोनवर कुजबुजला.

लक्ष्मीवर त्यांनी भिंग धरलं आणि मलाही बघायला लावलं. तेलरंग म्हणून जिला आम्ही उदबत्ती ओवाळत आलो, तिच्या गालावर बारीक ठिपकेच ठिपके! रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, तिथलं हे छापील चित्र. तेलरंगासारखं दिसावं म्हणून वर वॉर्निश. पदराला खरी जर आणि टिकल्या होत्या, त्या मात्र आजीनं शिवलेल्या. बाईंनी लिहून घेतलं, 'नंतरचं घरगुती भरतकाम. काढू नये.'

मग आबालाल. बाईंनी फ्रेम पालथी केली, गंजलेल्या चुका काढल्या, मागचा खाकी कागद हळूच सोडवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर चित्र माझ्याकडं सरकवलं. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं: इयत्ता आठवी ब, हजेरी क्रमांक, आणि बाबांचं नाव. खाली लाल शाईत, आजोबांच्या अक्षरात, दहापैकी चार. 'पाणी वर चढत आहे.'

"याचं मूल्यांकन आधीच झालंय," बाई म्हणाल्या.

मी दादाला फोटो पाठवला. नेहमी लगेच उत्तर देणारा माणूस, पाऊण तासानं त्याचा फोन आला.

"चार? सहा तरी द्यायला पाहिजे होते रे. पाण्याचं सोड, पायऱ्या बघ की त्या!"

मागून वहिनीचा आवाज आला, की हे कुणाकडं राहणार ते आधी ठरवा.