पेढा पर्समध्येच राहिला

आज कंपनीत पेढे वाटले. तीन वर्षांचा करार झाला, पगारवाढ मिळाली, मागची थकबाकीही येणार. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत युनियनचे दोघे खोके घेऊन कॅन्टीनमध्ये फिरले. निळं कार्ड म्हणजे कायम, पिवळं म्हणजे ठेकेदाराचा. निळं कार्ड असलेल्यांना पेढा, पिवळं कार्ड असलेल्यांना नाही. असा नियम कोणी सांगितला नव्हता. पिवळ्या कार्डांचं टेबल आलं की खोका आपोआप पुढे सरकत होता, एवढंच.

माझ्या लाईनीवर ब्लिस्टर पॅकिंगच्या मशीनला एक पोरगा आहे, ओडिशाचा. दोन वर्षं झाली. मशीन अडकलं की मेकॅनिक यायच्या आधी तोच सोडवतो. त्याने मला विचारलं, "दीदी, हमारा भी कुछ हुआ क्या?" मी म्हटलं, "नाही रे, हे परमनंटवाल्यांचं." "अच्छा," म्हणाला आणि खाली बघून भात कालवायला लागला.

तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. माझा पेढा मी टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकला. रात्रीचे साडेदहा झाले, तो अजून तिथेच आहे, चेपलेला.

सुटताना मी आमच्या एका पुढाऱ्याला विचारलं, यांचं काय? तो म्हणाला, "आमचें जालें, तांचें तांणी पळोवचें." आमचं झालं, त्यांचं त्यांनी बघावं. वाईट माणूस नाही तो. माझ्या आजारपणात रजेसाठी मॅनेजरशी भांडलेला माणूस आहे. म्हणूनच हे लिहितेय, कारण हे एका माणसाचं वाक्य नाही. कुंडई, वेर्णा, पिसुर्ले, गोव्यातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत गेटवर उभे राहा, हेच ऐकू येईल.

आमच्या घरी एक वही आहे. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदार उधारीला ठेवतात तशी. बाबा डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर वर्कशॉपमध्ये होते आणि युनियनची वर्गणी ते गोळा करत. मी तिसरीत असेन. पगाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या पडवीत माणसं यायची, बाबा नाव लिहायचे आणि मी शाईचा पॅड धरून बसायचे. बऱ्याच जणांना सही येत नव्हती. एकेकाचा अंगठा धरून पॅडवर टेकवायचा आणि मग वहीवर, हे माझं काम. खाणीच्या मातीने त्या अंगठ्यांच्या रेषा बुजलेल्या असायच्या, ठसा नीट उठायचाच नाही. बाबा म्हणायचे, परत टेकव, नीट येऊ दे.

त्या वहीत वर्कशॉपवाले आहेत, टिपरवाले आहेत, आणि बार्ज भरायच्या धक्क्यावर पट्ट्याखाली सांडलेली माती पाट्यांनी उचलणारी ठेकेदाराची माणसंही आहेत, निम्म्या बाया. कर्नाटकातून आलेल्या. कंपनीच्या मस्टरवर त्यांची नावं नव्हती, बाबांच्या वहीत होती.

हे सहज झालं नव्हतं. यावरून आमच्या पडवीत भांडणं झालेली मला आठवतात. ठेकेदाराची माणसं घेतलीत तर आपला करार लांबेल, ती आज आहेत उद्या पळतील, असं आपलीच माणसं ओरडून सांगत होती. करार खरंच लांबला. आई डबा उपडा करून दाखवायची, तांदूळ नाही म्हणून. ती बाबांवर चिडलेली होती आणि तिचं चुकत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, ते दिवस वेगळे होते. काय वेगळं होतं? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात संपाला बंदी होती. १९६१ नंतर जॉर्ज वाझ यांच्यासारखे मुक्तिलढ्यातून आलेले कम्युनिस्ट कामगारांमध्ये फिरले, माणसं जोडली. पेढे मागून आलेले नाहीत हे. आज ज्याला आपण 'आमचा हक्क' म्हणतो तो कोणीतरी, ज्याला काहीच हक्क नव्हता अशा माणसाला बरोबर घेऊन मिळवलेला आहे.

आणि निव्वळ स्वार्थाचं बोलायचं तरी बोलूया. निळी कार्डं दरवर्षी कमी होतायत. निवृत्त झालेल्याच्या जागी पिवळं कार्ड येतं. मी लागले तेव्हा पॅकिंगला आम्ही सगळ्या कायम होतो, आज माझ्या पाळीत मी धरून चार. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता लागू झाल्या, २९ कायदे त्यात विरले. आता ३०० पेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही, आधी ही मर्यादा १०० ची होती. संपाला १४ दिवसांची नोटीस. निम्म्या लोकांनी मिळून एक दिवस किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. ५० पेक्षा कमी माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला कंत्राटी कामगारांचा परवानाच नको, पूर्वी २० माणसांना लागायचा. आमच्या कंपनीत ठेकेदार किती आहेत ते मोजा आणि प्रत्येकाकडे माणसं किती आहेत तेही मोजा, मग कळेल कायदा कोणाच्या मापाने शिवलाय. पुढच्या कराराला आपण टेबलावर बसू तेव्हा आपल्या मागे किती माणसं असणार? आपण काम बंद केलं तर मशीन कोण चालवणार? तोच, ज्याला आज पेढा दिला नाही. आणि त्याने का चालवू नये?

मार्क्सने १८६५ मध्ये लंडनला इंटरनॅशनलच्या, म्हणजे देशोदेशीच्या कामगारांच्या संघटनेच्या, पुढाऱ्यांसमोर हेच मांडलं होतं. युनियनने पगारासाठी लढलंच पाहिजे, पण तेवढ्यावरच थांबली तर ती फक्त परिणामांशी झुंजत राहते, कारणाला हात घालत नाही. दिवसाच्या कामाला रास्त मजुरी एवढंच मागू नका, मजुरीची पद्धतच मोडायची असं झेंड्यावर लिहा, असं त्याचं म्हणणं. आमच्या झेंड्यावर तर अर्ध्या कामगारांना मजुरी किती तेही लिहिलेलं नाही.

मला माहीत आहे, संप म्हटलं की लोकांना मुंबईचा १९८२ चा गिरणी संप आठवतो. अडीच लाख माणसं, घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. मान्य. लाल झेंडेवाले शहाणेच होते असंही मी म्हणत नाही. खाणीच्या मातीने शेतं भरली, झरी आटल्या, तेव्हा खाण कामगारांच्या युनियन गप्प होत्या. बाबाही गप्प होते. शेतकरी एका बाजूला, कामगार दुसऱ्या बाजूला, आणि दोघं एकाच वाड्यावरचे. २०१२ ला खाणी बंद झाल्या, २०१८ ला न्यायालयाने ८८ लीज रद्द केले. कर्ज काढून ट्रक घेतलेली आमची पोरं, जी स्वतःला मालक समजायला लागली होती, त्यांचे ट्रक अंगणात गंजले. ना ती कामगारांच्या वहीत होती, ना मालकांच्या.

पण यातून 'एकत्र येऊन काही होत नाही' हा धडा कसा निघतो, मला कळत नाही. खरं तर रागच येतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो 'भायले', म्हणजे बाहेरचे, या शब्दाचा. आज बसमध्येसुद्धा तेच. आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत, भायले आले, घाटी आले, पगार पाडला. पगार त्यांनी पाडला? पगार ठरवणाऱ्या केबिनमध्ये ओडिशाचा तो पोरगा बसतो का? १८७० मध्ये मार्क्सने एका पत्रात इंग्लंडबद्दल लिहिलं होतं की इंग्रज कामगार आयरिश कामगाराचा द्वेष करतो, आपला पगार पाडणारा म्हणून, आणि एवढ्या संघटना असूनही इंग्रज कामगार दुबळा का, याचं गुपित या द्वेषातच आहे. आयरिशच्या जागी झारखंडी, कन्नडिगा, बिहारी घाला आणि वाचा. आणि आपण विसरतो की गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला, आखातात, बोटींवर 'भायले' म्हणूनच राबली. माझा मामा बाहरीनला होता. तिथे त्याच्या कार्डाचा रंग कोणता होता?

आपल्यातल्या आपल्यात तरी आपण एक आहोत का? मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात दलितांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि सवर्ण विणकऱ्यांना त्याचा विटाळ. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हे पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडलं. नंतर १९३८ ला, ७ नोव्हेंबरला, त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच संपात उतरले. म्हणजे जमतं. उशिरा जमलं, अपुरं जमलं, पण जमलं. संडास साफ करणारी बाई आमच्या कॅन्टीनमध्ये कुठल्या टेबलावर बसते? कुठल्याच नाही. ती जिन्याखाली जेवते. पिवळं कार्डसुद्धा तिच्या गळ्यात नाही.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. अठ्ठ्याहत्तर झाले त्यांना, ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. मला वाटलं ते चिडतील, युनियनला शिव्या घालतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमगेल्या वहीत कितलीं नांवां?" मी म्हटलं, आमच्याकडे वही नाही, वर्गणी पगारातून कापली जाते. "मगीर तुमी लोकांक भेटतात केन्ना?" मग तुम्ही लोकांना भेटता कधी?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या पोराचं पूर्ण नाव मला आज कळलं, दोन वर्षांनी, तेही मी त्याच्या कार्डावर वाचलं म्हणून.

मघाशी कपाटातून वही काढली. मधल्या एका पानावर एक ठसा आहे, दोनदा टेकवलेला, एकावर एक, गिजबिज झालेला. बाजूला बाबांच्या अक्षरात बाईचं नाव आणि कंसात 'धक्का'. तो पॅड मी धरला होता. ती कुठे गेली, कोणाला माहीत नाही. त्या वर्षी जो करार झाला त्यात धक्क्यावरच्या लोकांना मिळालं ते थोडंच, पगारी सुट्टी आणि पावसाळ्यात रेनकोट. पण मिळालं ते कागदावर.

आमच्या कंपनीतले जे कोणी हे वाचताय, निळे पिवळे दोन्ही, सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर या. करार सही झालाय, तो कोणी काढून घेत नाही, घाबरू नका. ठेकेदारांची यादी करायची आहे, कोणाकडे किती माणसं, पीएफ कोणाचा भरतात, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड कोणाकडे आहे. ज्यांना मराठी-कोंकणी येत नाही त्यांना निरोप हिंदीत द्या. जिन्याखाली जेवणाऱ्या बाईला मी स्वतः सांगते.

वही मी आणते.