लिनक्समुळं हार्ड डिस्क जात नाही. आधी एरर वाचा

गेला पंधरवडा एक मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. मला एकट्याला तो पाच जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकू नका, हार्ड डिस्क जाते. एरर यायला लागले तर एफएससीके चालवा, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा. हेल्थ 'पास' आली की डिस्क चांगली. बंदच पडली तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा." (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी सिस्टिम, एफएससीके म्हणजे त्यातली फाइल सिस्टिमच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारी कमांड.) हे ऐकून कुणीतरी घरातले फोटो आणि दुकानाचा हिशेब घालवून बसेल, म्हणून लिहितोय.

लिनक्समुळं डिस्क जाते, या बोलण्याला एक जुना आधार आहे. 2007 च्या सुमारास उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलेल्या काही लॅपटॉपवर डिस्कचं हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, सारखं बाजूला जाऊन पार्क होत असल्याची तक्रार गाजली होती. पण ते पॉवर सेव्हिंगच्या सेटिंगचं प्रकरण होतं आणि एचडीपार्म या कमांडनं ती सेटिंग बदलता येत होती. आज जे दिसतं ते वेगळंच. डिस्क वाचताना अडखळली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ते स्पष्ट लिहून ठेवतो. उबंटू, डेबियनसारख्या सिस्टिमवर फाइल सिस्टिममध्ये गडबड सापडली की डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडी राहते, लिहिणं बंद. लोकांना वाटतं लिनक्सनं बिघडवली. खरं तर त्यानं पुढचं नुकसान थांबवलेलं असतं.

आणि एरर आला म्हणजे डिस्कच गेली, असंही नाही. माझ्या चुलत्यांची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. तिथला जुना पीसी हिशेबाची फाइल उघडताना मिनिटभर थिजायचा. एकानं सांगितलं, डिस्क संपली, नवीन घ्या. मी डीमेसेज ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड दिली, तर ओळीमागून ओळ 'आयसीआरसी' एररची, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याची. मग स्मार्टमॉनटूल्स हे साधन टाकून डिस्कची स्वतःची नोंद काढली; तिला 'स्मार्ट' म्हणतात आणि तिच्यात प्रत्येक बाबीला नंबर असतो. 5 नंबर, म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे): शून्य. 197, म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर: तेही शून्य. 199 मात्र चारशेच्या वर. हा आकडा डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेवर डेटा बिघडल्याचा असतो. डबा उघडला तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल पंख्याखाली दुमडलेली, एका टोकाची क्लिप तुटलेली, बोट लावलं तरी हलत होती. केबल बदलली. 199 चा आकडा परत शून्यावर येत नाही, त्यामुळं तो वाढतोय का एवढंच बघायचं. वाढायचा थांबला. तीच डिस्क अजून चालू आहे.

याउलट डीमेसेजमध्ये 'यूएनसी', म्हणजे डिस्कला स्वतःला वाचता न आलेला डेटा, दिसलं आणि 197 चढत असेल, तर दुखणं डिस्कच्या आतलं आहे, आणि तिथंच तो एफएससीकेचा सल्ला घातक ठरतो. एफएससीके खतावणीतल्या नोंदी जुळवतं. पानालाच वाळवी लागली असेल तर त्याचा इलाज त्याच्याकडं नाही. लाइट गेल्यावर मशीन धाडकन बंद झालं, डिस्क धडधाकट आहे, तेव्हा ते जरूर चालवा, पण डिस्कचा तो भाग (पार्टिशन) माउंट नसताना, म्हणजे वापरासाठी जोडलेला नसताना. मरणाऱ्या डिस्कवर ते चालवलं तर उरलेल्या आयुष्यात तिला आणखी राबवता, शिवाय अर्धवट वाचलेल्या माहितीवरून चुकीची दुरुस्ती तिच्यावरच लिहिली जाते.

अशा वेळी पहिलं काम कॉपी. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे ज्याच्यावरूनच लिनक्स चालतो अशा पेनड्राइव्हवरून, मशीन चालू करा, दुखरी डिस्क माउंट करू नका, आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या साधनानं दुसऱ्या, तिच्याहून मोठ्या डिस्कवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, घ्या. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागा शेवटी खरवडतं. कुठवर वाचलं ते टिपणारी मॅप फाइल द्यायला विसरू नका. मधेच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढं सुरू होतं. एफएससीके चालवायचंच तर त्या इमेजच्या आणखी एका कॉपीवर.

फॉरमॅटचंही तेच. झटपट फॉरमॅटमध्ये नवी अनुक्रमणिका लिहिली जाते, पृष्ठभाग तपासला जात नाही. डेटा मात्र हाताबाहेर जातो.

स्मार्टच्या एकूण निकालातल्या 'पास'वर तर अजिबात विसंबू नका. कंपनीनं ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत तो शब्द बदलत नाही. गुगलनं 2007 साली आपल्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कवर चार मुख्य स्मार्ट इशाऱ्यांपैकी एकही नव्हता. त्याच अभ्यासात, पहिला स्कॅन एरर (डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेला दोष) आल्यावर 60 दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता तसा एरर नसलेल्या डिस्कच्या 39 पट दिसली. म्हणजे इशारा आला तर लगेच हला, आणि नाही आला तरी बॅकअप हवाच.

राहिला फ्रीजर. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटरचं असतं. गार डिस्क आपल्या पावसाळी हवेत बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आणि एवढ्याशा फटीला ते परवडत नाही. म्हणून फ्रीजर नकोच. टिक-टिक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. डेटा महत्त्वाचा असेल तर तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलंत ते त्याला न लपवता सांगा.