खुलासा: हलका ट्रेलर आणि वेट डिस्ट्रिब्युशन हिच

चिपळूण-गुहागरकडच्या कॅम्पिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "750 किलोच्या आतल्या ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्युशन हिच कधीच लागत नाही, गाडी मागे दबली तर सामान ट्रेलरच्या शेपटीकडे सरकवा." पहिलं वाक्य अर्धवट आहे, दुसरं धोक्याचं. (वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणजे गाडी-ट्रेलरचा असा जोड, जो स्प्रिंग बार नावाच्या ताणलेल्या दांड्यांनी गाडीच्या मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटतो.)

ट्रेलरचं नुसतं एकूण वजन बघून हे ठरत नाही. हिचच्या बॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) भार किती येतो आणि गाडीला तो किती झेपतो, ते बघावं लागतं. ट्रेलर प्रवासाला निघताना भरतो तसा भरा, पाण्याच्या टाकीसकट (60 लिटर म्हणजे 60 किलो). सपाट जागी चाकांना दगड लावा. घरातल्या वजनकाट्यावर ठोकळा ठेवून कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) त्यावर टेकवा. उंची बॉलइतकीच हवी. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी बॉलवरच्या भाराचा अमेरिकेतला दंडक एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे 700 किलोला 70 ते 105 किलो. काट्यावरचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

मग पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्याआधी आणि नंतर मोजा. पुढची बाजू चांगलीच उचलली, स्टिअरिंग हलकं लागलं, तर हा हिच उपयोगी. मात्र मॅन्युअलमध्ये मनाई नाही ना, ते बघा. उंची जवळपास तीच राहिली तर खर्च कशाला? भार मर्यादेबाहेर असेल तर सामानच कमी करा, हिचने गाडीची मर्यादा वाढत नाही.

सामान शेपटीकडे नेलं की बॉलवरचा भार घटतो आणि परशुराम घाटाच्या उतारावर ट्रेलर डुलू लागतो. जड वस्तू ॲक्सलच्या किंचित पुढे, तळाशी ठेवा.

दाभोळच्या फेरीबोटीच्या रॅम्पवर स्प्रिंग बारवर फार ताण येतो. चढण्याआधी ते सोडवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.