हासोर जळलं, मान्य. पण यरीहो?

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. इस्राएली लोकांनी कनान देश (आजचा इस्राएल-पॅलेस्टाईनचा परिसर) एका झपाट्यात जिंकला नाही, असं माझ्या लेखात लिहून मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, खोटं ठरवलं; आणि हासोर या कनानी नगराचं नावसुद्धा घेतलं नाही.

दुसरा आक्षेप अगदी रास्त आहे. इ.स.पू. तेराव्या शतकात हासोर जळून खाक झालं. तिथे राखेचे जाड थर मिळाले, मुंडकी आणि हात मुद्दाम तोडलेल्या मूर्ती मिळाल्या. अनेक वर्षं तिथे खणणारे अम्नोन बेन-तोर यांच्या मते हे काम इस्राएलींचंच. सगळ्यांना ते पटत नाही, पण त्यांचं मत मी द्यायला हवं होतं.

आता तोच न्याय यरीहोला लावा, ज्याचा तट इस्राएलींपुढे कोसळला असं शास्त्र सांगतं. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे उत्खनन केलं. तटबंदीचं शहर इ.स.पू. १५५०च्या सुमारासच पडलेलं निघालं. हासोर जळलं तेव्हा यरीहोला पाडण्याजोगा तटच उरला नव्हता. इस्राएलींनी जिंकलं असं शास्त्र सांगतं ते दुसरं नगर, आय, तर त्याआधी हजारभर वर्षं ओसाड होतं.

पण यामुळे शास्त्र खोटं ठरतं, हे मला मुळीच मान्य नाही. शास्त्रातल्या यहोशवा या ग्रंथाच्या ११व्या अध्यायात हासोरचा राजा याबीन मारला जातो, नगर जाळलं जातं. त्यानंतरच्या शास्ते या ग्रंथाच्या ४थ्या अध्यायात हासोरच्या गादीवर पुन्हा याबीन आहेच! आणि शास्तेचा पहिला अध्याय तर सरळ सांगतो की मगिद्दो, गेजेर, बेथ-शान इथल्या कनानी लोकांना हुसकता आलं नाही. हे ग्रंथ जपणाऱ्यांनी दोन्ही आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या, एकही पुसली नाही. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठीच.

मग हे लोक आले कुठून? १९६७ नंतर कनानच्या डोंगराळ भागाची पायी पाहणी झाली, तेव्हा इ.स.पू. १२००च्या आसपास नव्याने वसलेल्या शेकडो वाड्या उजेडात आल्या. बहुतेकींना तट नाही, राजवाडा नाही. दगडी खांबांची घरं, खांबांपलीकडे गुरं बांधायची जागा, धान्याची पेवं, गळ्याशी जाड वळ असलेले मोठाले रांजण. इस्राएलींना निषिद्ध असलेल्या डुकराची हाडं जवळपास नाहीतच. पण मडक्यांची घडण पाहिली की ती कनानीच दिसते. म्हणून माझं मत असं की यातले बरेचसे लोक कनानमधलेच होते: मेंढपाळ, सखल भागातल्या नगरांची सत्ता ढासळल्यावर डोंगरात चढलेले शेतकरी. मिसरमधून (इजिप्तमधून) सुटून आलेला एखादा लहान जथा त्यांना मिळाला असेल आणि त्याची कहाणी पुढे सगळ्यांची झाली असेल, हेही मला शक्य वाटतं.

मिसरचा राजा मेरनेप्ताह फारो याचा इ.स.पू. १२०८च्या सुमाराचा शिलालेख जवळून पाहा. अश्कलोन, गेजेर या नावांपुढे परमुलखाची खूण आहे: तीन डोंगर. इस्राएलपुढे मात्र बसलेला पुरुष, बसलेली बाई आणि खाली तीन रेघा, म्हणजे लोकसमूह. मुलूख म्हणून त्यांची नोंद अजून व्हायची होती.

हासोरचा परिच्छेद आजच मूळ लेखात घालतो.