पाचगणी म्हणजे मिनेसोटा नव्हे

‘थंड हवेच्या ठिकाणी अंगण-बाग करताय? हे सात नियम पाळाच’ असा एक लांबलचक मेसेज साताऱ्यात फिरतोय. माझ्याकडे तो पाच वेळा आला, पाचही वेळा न वाचता सोडून दिला. सहाव्यांदा तो मामांच्या अंगणात चार फुटी चर होऊन दिसला, तेव्हा बसून वाचला.

मामा निवृत्त मुख्याध्यापक. घर पाचगणीच्या पुढे, भिलारच्या बाजूला, उतारावर. मी बागांचीच कामं घेते हे त्यांना ठाऊक आहे. पण भाचीला काय विचारायचं? मेसेज थेट निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आलेला!

तर नियम असे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमीन गोठलेली असते, कुदळ लावू नका. सगळी कामं, झाडं लावण्यासकट, मार्च ते मे या काळात उरका. मातीचं तापमान 50 अंश झालं की हिरवळीचं बी टाका. फरशी, पायऱ्या, ताल (उतारावरची माती अडवणारी दगडी भिंत), कशाचाही पाया चार फूट खोल हवाच, नाहीतर थंडीत जमीन फुगून सगळं उचलून टाकते. मोठी झाडं डिसेंबरात, पानं गळाली की तोडा-छाटा. नाजूक झाडांना गोणपाट गुंडाळा. आणि हिवाळ्यात कंत्राटदार रिकामे असतात, तेव्हा भाव पाडून घ्या.

आधी ते 50 अंश. मामांनी यासाठी ऑनलाइन थर्मामीटर मागवलं, सळईसारखं, मातीत खुपसायचं. एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा सकाळी अकराला ते 27 दाखवत होतं आणि मामा म्हणाले, “अजून तेवीस कमी आहे बघ.” अहो मामा, ते 50 फॅरनहाइट आहे! आपल्या हिशेबात 10. तिकडे अमेरिकेच्या बर्फाळ भागात बर्फ वितळल्यावर माती एवढी तापली की थंडीतल्या गवताचं बी उगवायला लागतं, म्हणून तो आकडा. आपल्याकडे 50 सेल्सिअसची वाट बघणाऱ्याने बी पेरू नये, शेंगदाणे भाजावेत. शिवाय आपली हिरवळ बहुतेक बियांची नसतेच. हरळीच्या जातीचं गवत, तुकडे नाहीतर काड्या लावून वाढवायचं. त्याला ऊब लागते, थंडीत ते पिवळं पडून गप्प बसतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडलं असतं. चार फुटांच्या पायाचं तसं नाही.

नियम खोटा नाही, दुसऱ्या गावचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बांधकामाचा नियमच सांगतो की पाया दक्षिण भागात 42 इंच आणि उत्तर भागात 60 इंच खोल हवा. तिथे हिवाळ्यात जमीन खरोखर कित्येक फूट गोठते. मातीतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो खालचं आणखी पाणी वर ओढतो, थर जाड होत जातो आणि वरची फरशी उचलली जाते. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा.

आपल्याकडे काय गोठतं? महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे एखाद्या पहाटे गवतावरचं दव. तेही आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर. जड झालेली गार हवा खोलगट जागेत उतरून साचते, पानं आणि गाड्यांचे टप रात्रभर उष्णता सोडत बसतात, आणि दवाचा पापुद्रा होतो. (‘हिमकण पडले’ अशा बातम्या दरवर्षी येतात. पडत काहीच नाही, जागच्या जागी गोठतं.) ऊन आलं की खेळ संपला. महाबळेश्वरचं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान तेरा-चौदा अंशांच्या आसपास असतं. त्यात जमीन गोठणार कुठून? गोठत असती तर भिलारचे शेतकरी हिवाळाभर स्ट्रॉबेरीच्या रानात कुदळीऐवजी पहार घेऊन गेले असते.

मामांनी मात्र मेच्या पहिल्या आठवड्यात जेसीबी बोलावला आणि घराच्या खालच्या अंगाला, जुन्या दगडी तालीला लागूनच, चर काढला. पंचेचाळीस फूट लांब. आठ दिवसांत वळीव आला. तासभरच, पण चर काठोकाठ भरला. पाण्याला वाट नव्हती, ते तालीच्या पोटात शिरलं. मी पोचले तेव्हा मधले तीन दगड बाहेर डोकावत होते आणि फटीतून लाल चिखल दुधासारखा गळत होता. मामी म्हणाल्या, “रात्री आवाज आला, मला वाटलं मांजर.”

इथे भीती थंडीची नाही, पाण्याची आहे. हवामान खात्याच्या नोंदीत महाबळेश्वरला 23 जुलै 2021 च्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस आहे. म्हणजे सपाट जागी साठवला तर एका दिवसात जवळजवळ दोन फूट पाणी. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला डोंगर घरांवर आला. भिलारला महाबळेश्वरएवढा पडत नाही, मान्य. पण पावसाळ्याच्या तोंडावर उतारावर उघडा चर ठेवायला त्याच्या निम्माही पुष्कळ झाला. इथे फरशीला सहा-आठ इंच खणून मुरूम नीट धुम्मस करावा, उतार द्यावा, तालीला पाणी जायला भोकं ठेवावीत. पैसे खोलीवर नाही, पाण्याच्या वाटेवर घालायचे.

आता मार्च ते मे. झाडं लावायला याहून वाईट महिने शोधून सापडणार नाहीत. विहिरी तळाला आणि रोप उन्हात. तिकडे मार्चनंतर जमीन मोकळी होते म्हणून घाई, इकडे जमीन बाराही महिने मोकळीच. मेसेज ज्या महिन्यांत कुदळ लावू नका म्हणतो, तेच आपले दगडमातीच्या कामाचे महिने: दिवाळी ते मार्च. खाली साताऱ्यात मृगात झाडं लावली तरी लागतात. वर जुलैची झोड कोवळ्या मुळांना कुजवते, म्हणून मी गौरी-गणपतीच्या सुमाराला लावते. हिरवळही तेव्हाच, म्हणजे थंडीआधी पाय रोवते.

पानगळीचं काय सांगावं! आपल्या डोंगरावर जांभूळ, अंजनी, बहुतेक सगळं सदाहरित. डिसेंबरात पानं गळायची वाट बघत बसा. शिवाय 17 जानेवारी 2001 च्या केंद्राच्या अधिसूचनेपासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग आहे, झाडाला कुऱ्हाड लावायची तर आधी परवानगी. कंत्राटदार हिवाळ्यात रिकामे? त्या वेळी माणसं स्ट्रॉबेरी तोडायला आणि हॉटेलांच्या कामाला. मला डिसेंबरात दोन गडी मिळवायला चार फोन करावे लागतात.

गोणपाटाचं मात्र खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. खोलगट जागेत घर असेल तर नव्या, नाजूक रोपांवर कडाक्याच्या रात्री पोतं टाकावं, सकाळी काढावं. आणि जानेवारीत सिमेंटचं काम दुपारपर्यंत उरकून रात्री झाकावं, गारठ्यात ते सावकाश धरतं. हे मेसेजमध्ये नाही, माझ्याकडून घ्या.

चर आम्ही मुरूम टाकून, थर थर ठोकून बुजवला. खणायला लागले त्याच्या दीडपट पैसे बुजवायला गेले. ताल दिवाळीनंतर उतरवून नव्याने रचायची आहे, तोवर तिच्यावर ताडपत्री. थर्मामीटर मामींनी नेलं. दही लावताना दूध किती कोमट आहे ते बघायला.