मॅस्लोच्या नावावर खपणारा पिरॅमिड

बी.एड.वाल्यांच्या आणि एमबीएवाल्यांच्या ग्रुपवर माणसाच्या गरजांच्या पाच पायऱ्या दाखवणारा एक रंगीत पिरॅमिड अधूनमधून फिरत असतो. खालचा मजकूर थोड्याफार फरकाने असा: ‘मानवतावादी मानसशास्त्राचे जनक अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये हा पिरॅमिड मांडला. खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय माणूस वरच्या पायरीकडे बघतही नाही. आधी पोटोबा, मग विठोबा! आत्मवास्तविकीकरण हे शेवटचं टोक.’ (आत्मवास्तविकीकरण म्हणजे आपल्यात जे होण्याची क्षमता आहे ते होणं.) वाक्यं चारच, पण एकही धड नाही.

पिरॅमिडचं आधी बघू. मॅस्लोचा १९४३ चा लेख ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळा, त्रिकोण कुठेच नाही. मॅस्लोच्या गरजांचा आजवर सापडलेला सर्वांत जुना पिरॅमिड १९६० चा, चार्ल्स मॅकडर्मिड यांच्या लेखातला. तो छापला ‘बिझनेस होरायझन्स’ या व्यवस्थापनाच्या नियतकालिकाने, आणि विषय होता पैशामुळे माणसं कामाला कशी लागतात! म्हणजे चित्र आलं व्यवस्थापनाच्या वर्गातून आणि चिकटलं मॅस्लोला.

खरी गफलत पोटोबाच्या वाक्यात आहे. असा गैरसमज होईल हे मॅस्लोने त्याच लेखात ओळखलं होतं. एक गरज शंभर टक्के भागली की मगच दुसरी डोकं वर काढते असं नाही, हे त्याने स्पष्ट लिहिलं आणि उदाहरणादाखल आकडेही दिले: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या, सुरक्षितता ७०, प्रेम ५०, आत्मसन्मान ४० आणि आत्मवास्तविकीकरण १० टक्के. हे मोजलेले आकडे नव्हेत, मनाने घेतलेले आहेत, हेही त्यानेच सांगितलं. (ते शोधनिष्कर्ष म्हणून फॉरवर्ड करू नका, म्हणजे झालं.) थोडक्यात, पाचही गरजा एकाच वेळी अर्ध्यामुर्ध्या भागलेल्या असतात.

पुढे तर क्रम उलटण्याची यादीच आहे. काहींना प्रेमापेक्षा मान मोठा. काही कलावंत हालअपेष्टांतही निर्मिती सोडत नाहीत. तत्त्वासाठी सर्वस्वावर पाणी सोडणारे हुतात्मेही त्या यादीत आहेत. ‘गरिबाला आधी भाकरी द्या, पुस्तकं मग बघू’ असं मॅस्लोच्या आधाराने सांगणाऱ्यांनी निदान ती पानं उलटावीत.

‘जनक’ म्हणाल तर कार्ल रॉजर्स आणि रोलो मे या त्याच परंपरेतल्या मानसशास्त्रज्ञांना कुठे बसवणार? १९६४ मध्ये कनेक्टिकटमधल्या ओल्ड सेब्रूक इथे मानवतावादी मानसशास्त्राच्या, म्हणजे माणसाच्या वाढीच्या क्षमतेवर भर देणाऱ्या चळवळीची परिषद भरली, तेव्हा मॅस्लोसह हे तिघेही होते. शिवाय गॉर्डन ऑलपोर्ट, शार्लट ब्यूलर. आत्मवास्तविकीकरण हा शब्दही मॅस्लोने मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइनकडून घेतला, आणि तसं लिहूनही ठेवलं.

शेवटचं टोकही शेवटचं नाही. १९७० मध्ये वारण्यापूर्वीच्या काही वर्षांत तो स्वतःपलीकडे जाण्याबद्दल (इंग्रजीत ‘ट्रान्सेन्डन्स’) लिहीत होता. रंगीत चित्रात त्याला जागाच मिळाली नाही.

मॅस्लोवर टीका करायचीच असेल तर जागा दुसरीकडे आहे. आत्मवास्तविकीकरण साधलेली माणसं म्हणून लिंकन, आइनस्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट अशी नावं त्याने आपल्याच कसोटीने निवडली आणि मग त्यांच्यातच ते गुण दाखवले. परीक्षकानेच पेपर लिहावा तसा हा प्रकार. त्यावर मात्र फॉरवर्ड येत नाही.